ढेपेतलं तेल

इंदोरा, नागपूर
१२ जानेवारी २०२५

अश्विन,

सप्रेम जय भीम.

पाकिटावरचं अक्षर पाहून तू ओळखलंच असशीन. फाडायच्या आधी एवढं वाच: हे पत्र जागेच्या वाटणीचं नाही, कोणाच्या लग्नाचं नाही, अन् कोणी मेलंही नाही. फोनच केला असता, पण तुझा फोन माझा नंबर घेत नाही, अन् शेजारणीच्या फोनवरून तुले फसवून बोलणं मले जमणार नाही. इथून कोराडीची बस पाऊण तासात पोचते, तरी तुझी सख्खी बहीण पोस्टाचं तिकीट लावून राहिली. पोस्टातल्या बाईनं पत्ता पाहून विचारलं, मॅडम, इतक्या जवळ? मी म्हटलं, हो बाई, इतक्याच जवळ.

मी बरी आहे. शुगर निघाली. धंतोलीतल्या एका डॉक्टरकडे गेली होती, तिशीतला पोट्टा असन. मले म्हणते, मॅडम, जेवणात फायबर वाढवा, फायबर म्हणजे काय माहीत आहे का? मी म्हटलं, थोडंफार. त्यानं कागदावर गाजर काढलं, पालक काढला, अन् मले पाच मिनिटं समजावलं. चौतीस वर्षं मी ढोरायच्या खाद्यातलं फायबर मोजलं, अन् तिथं गुमान मान हलवत बसली. गंमत पाय, गाईच्या गोणीत फायबर जास्त निघालं की लोक भेसळ म्हणून ओरडतात, अन् माणसाच्या बिस्किटात जास्त असलं की त्याचाच भाव वाढवतात. घरी येऊन एकटीच हसली. मग वाटलं, ही गोष्ट सांगायची तर फक्त अश्विनले. तिथून हे पत्र सुरू झालं.

आता कामाचं. ३१ मार्चले मी रिटायर होऊन राहिली. त्याच दिवशी आमच्या प्रयोगशाळेच्या थंड खोलीतले जुने नमुने काढून टाकतीन. नापास मालाचा नमुना आम्ही दीड वर्ष सीलबंद ठेवतो. त्यात तुझी बाटली आहे, नंबर ४१७, 'मैत्री पशुखाद्य, पारशिवनी'. मालकानं अर्ज दिला तर फेरतपासणी होते. ३१ मार्चनंतर तपासायले काहीच राहणार नाही.

मी काही सुचवून नाही राहिली. गोणीवर तू फायबर जास्तीत जास्त बारा टक्के लिहिलं होतं, माझ्या हाती १४.६ आलं, तेच मी लिहिलं. त्या एका आकड्यानं दूध संस्थेनं तुझा माल बंद केला, तुझी चक्की बंद पडली, अन् तू कोराडीले वजनकाट्यावर नोकरीले लागला, हे मले माहीत नाही असं समजू नको. पण रिपोर्ट बरोबर होता. नियम आहे म्हणून कळवलं.

माझ्या भावजयीले, नंदिनीले, जय भीम सांग. तिचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे?

तुझी,
प्रेमिलाताई


इंदोरा
२ फेब्रुवारी

अश्विन,

जय भीम.

तीन आठवडे झाले. पत्र परत आलं नाही, म्हणजे घरात तरी आहे. नंदिनीनं गादीखाली ठेवलं असन.

तू आमच्या ऑफिसच्या खिडकीवर आला होता तो दिवस माझ्या डोक्यातून जाऊन नाही राहिला. रिपोर्ट गेल्यावर दोन दिवसांनी आला होता. हातात हेल्मेट, शर्टले कोंडा लागलेला. तू मले एकच विचारलं: "ताई, माझ्या मालात कुटार नाही, तुले माहीत आहे. मग आकडा आला कुठून?" तुझं म्हणणं होतं की वजन वाढवायले लोक तुरीचं, सोयाबीनचं कुटार, म्हणजे नुसता भुसा, दळून घालतात, तसं तू काही घातलं नाही. प्रश्न सरळ होता. मी त्याचं उत्तर दिलं नाही. आता देते. उशीर झाला आहे, तरी वाच.

फायबर असं कुठं वेगळं दिसत नाही. खाद्य बारीक दळतो, दोन ग्रॅम मोजतो, अर्धा तास पातळ ॲसिडात उकळतो, कापडातून गाळतो, गरम पाण्यानं धुतो. मग अर्धा तास अल्कलीत उकळतो, पुन्हा गाळतो, पुन्हा धुतो. गाईच्या पोटात जे होते त्याची ही आमची गरिबाची नक्कल. हे सारं सोसून जे मागे उरते ते वाळवून मोजतो, मग भट्टीत जाळतो, अन् राख मोजतो. जळून जेवढं वजन कमी झालं तेवढं फायबर. एका नमुन्यात पुरा दिवस जाते, कधी दोन.

म्हणजे आमचा आकडा हातावर अवलंबून आहे. धुणं कमी पडलं, कापड बदललं, उकळताना लक्ष नसलं, की आकडा हलते. म्हणून आमच्याकडे एक रीत आहे, कुठं लिहिलेली नाही. माल हद्दीच्या बाहेर गेला की तो नापास करायच्या आधी नमुना दुसऱ्याले द्यायचा. मी केलं असन तर मेघा करते, तिनं केलं असन तर मी. मेघा म्हणजे माझ्या हाताखालची पोरगी, सहा वर्षं झाली, हात एकदम साफ. पहिल्याचा आकडा दुसऱ्याले सांगायचा नाही. याले आम्ही 'दुसरा हात' म्हणतो. चौतीस वर्षांत दुसरा हात न देता मी कोणाचाच माल नापास केला नाही.

तुझा सोडून.

घे, लिहिलं. तुझी गोणी आली तेव्हा सगळ्यायले ठाऊक होतं की हा प्रेमिला मॅडमचा भाऊ. तोंडावर कोणी बोललं नाही, पण मी चहाले गेली की टेबलावरचं बोलणं थांबायचं. खरं तर मी हातच लावायले नको होता. पण मले दाखवायचं होतं. १४.६ आलं. मेघानं आपणहून विचारलं, मॅडम, मी करू का? मी नको म्हटलं. म्हटलं, परत केला अन् खाली आला तर सगळे म्हणतीन, भाऊ पास होईपर्यंत बहीण उकळत बसली. कोण्या नत्थू गवळ्याचा माल असता तर डोळे झाकून दुसरा हात दिला असता. परक्याले जे मिळते ते माझ्या भावाले मिळालं नाही.

अन् खिडकीवर मी तुले काय म्हटलं ते तू विसरला नसशीन. सगळ्यायसमोर, चष्मा पुसत, पुस्तकातल्या मराठीत म्हटलं, "अर्ज खिडकीवर द्या. तुम्हाला कळवण्यात येईल."

तुम्हाला. आई गेली तेव्हा तू सात वर्षांचा होता. मी तुझे केस विंचरले, तुझ्या उवा काढल्या, तुले पाढे शिकवताना पाठीत धपाटे घातले, आयुष्यात तुले 'तू'शिवाय हाक मारली नाही. त्या दिवशी 'तुम्ही' म्हटलं. तू माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, अन् गेला. मले त्याची लाज वाटते. फार वाटते.

पण अर्ज तू दिलाच नाही. चार ओळीचा कागद होता. काहून नाही दिला गा? माझ्यावरच्या रागानं कोणी आपली चक्की बुडवते का? हा प्रश्न मी सोळा महिने स्वतःले विचारून राहिली अन् मले उत्तर सापडून नाही राहिलं.

तुझी,
ताई


इंदोरा
२० फेब्रुवारी

अश्विन,

जय भीम.

तुले राग येईन, पण लपवून काय फायदा. मंगळवारी सुटी टाकून मी कोराडीले आली होती.

तुझ्या घरी नाही, काट्यावर. समोर चहाची टपरी आहे, तिच्या मागे उभी राहिली, चोरासारखी. तू खोलीत बसला होता. वीजघराच्या राखेचा एक ट्रक काट्यावर तिरपा चढला होता, एक चाक अर्धं बाहेर. तू त्याले मागे घ्यायले लावलं. ड्रायव्हर खाली उतरून तुझ्या अंगावर आला, मागे ट्रकायची रांग लागली, हॉर्न वाजून राहिले. तू आवाज चढवला नाही. त्याच्या शिव्या ऐकून घेतल्या, ट्रक सरळ उभा करून घेतला, अन् परत मोजला. मग पावती दिली.

मी टपरीवाल्याचा चहा तसाच ठेवून परत निघाली. तू खूप वाळला आहे. पाठ आपल्या बाबासारखी वाकली आहे. शेहेचाळीस म्हणजे काही वय नाही. जेवत जा.

बसमधे ठरवलं की उरलेलंही लिहायचं. मागच्या पत्रात मी सगळं कबूल केल्यासारखं लिहिलं होतं, पण अर्धंच लिहिलं होतं.

तुले आठवत असन, चक्की सुरू केली त्या वर्षी तू मोठ्या कौतुकानं मले सांगितलं होतं, ताई, तेल काढल्यावर उरते ती ढेप मी कारखान्याची घेत नाही, बळीरामच्या तेलघाणीची जवसाची ढेप घेतो. घाणीच्या ढेपेत तेल राहून जाते, गाईची कातडी कशी चमकते पाय. तू माझ्या हातावर ढेपेचा तुकडा ठेवला होता अन् माझा हात तेलकट झाला होता. साडीले पुसला म्हणून मीच तुझ्यावर ओरडली होती.

आता ऐक. मालात तेल जास्त असलं की आधी ईथरनं तेल काढून घ्यावं लागते, मग उकळायचं. नाही काढलं तर ॲसिड दाण्याच्या आत नीट शिरत नाही, अन् अल्कलीत तेलाचा साबण होऊन कापडावर चिकट थर बसते. कितीही धुतलं तरी जात नाही. मग ते भट्टीत जळते अन् फायबर म्हणून मोजल्या जाते. हे मी दर वर्षी नव्या पोरीले पहिल्याच आठवड्यात शिकवते.

तुझ्या गोणीवर तेल कमीत कमी अडीच टक्के लिहिलं होतं, नियमानं लिहितात तसं. मी ते अडीच पाहिलं अन् सरळ ॲसिडात टाकलं. तिथपर्यंत चूक म्हण. पण तेल मोजायचं काम मेघाकडे होतं. तिनं दुसऱ्या दिवशी आकडा आणून त्याच कागदावर लिहिला: ७.४.

सही करायच्या दिवशी कागद माझ्या समोर होता. वर फायबर १४.६, खाली तेल ७.४. हजारो कागदांवर सह्या केल्या, एकात नजर चुकली, असं मी म्हणू शकते. मागच्या वेळी तसंच लिहिणार होती. पण नजर चुकली नाही, अश्विन. मले दिसलं. पेन हातात होता अन् मी थांबली. बळीरामची ढेप आठवली. मले समजलं की हा आकडा पोकळ आहे, तेल काढून परत करावं लागते. दोन दिवसांचं काम होतं.

अन् मी सही केली. परत केलं असतं तर तुझ्यासाठी केलं असं झालं असतं. मले प्रामाणिक दिसायची इतकी हौस होती की प्रामाणिक राहायचं सोडून दिलं.

माफ कर असं मी लिहून नाही राहिली. ते तुझ्यावर आहे. फक्त अर्ज कर. मी स्वतःहून बाटलीचं सील तोडू शकत नाही, मालकाची सही लागते. 'मैत्री'चा परवाना नंदिनीच्या नावानं आहे. कोरा अर्ज सोबत ठेवला. तुले हात लावायचा नसन तर तिच्यासमोर ठेव अन् बाहेर निघून जा. चाळीस दिवस राहिले आहेत.

तुझी,
ताई


इंदोरा
११ मार्च

अश्विन,

जय भीम.

नंदिनीनं तुले सांगितलं की नाही मले माहीत नाही. म्हणून मीच लिहिते.

बुधवारी सकाळी मी ऑफिसात पोचली तर ती खिडकीजवळच्या बाकावर बसली होती. पदराच्या गाठीसारखा घट्ट धरलेला अर्ज, अन् बाजूले डबा. मी जवळ गेली. माझ्याकडे न पाहता म्हणली, "त्यायनं नाही पाठवलं. मी आली." अर्ज मी हातात घेतला नाही. तिले आमच्या साहेबाकडे नेलं, मनोहररावांकडे, अन् सांगितलं की हा माझ्या भावाचा माल आहे, मी याले शिवणार नाही.

सील नंदिनीसमोर तोडलं. काम मेघानं केलं. मी बाहेर व्हरांड्यात नंदिनीच्या बाजूले बसली. दोन दिवस बसली. पहिला दिवस ईथरनं तेल काढण्यात गेला, दुसरा उकळण्यात अन् भट्टीत. चौतीस वर्षांत मी व्हरांड्यातल्या त्या बाकावर कधी बसली नव्हती. लोक तिथं बसतात तेव्हा आतून भांड्यांचे आवाज येतात अन् काय चाललं ते काहीच समजत नाही. मी किती जणांले तिथं तासन् तास बसवलं असन.

पहिल्या दिवशी तिनं दुपारी डबा उघडला अन् न विचारता अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली. मी खाल्ली. दुसऱ्या दिवशी थोडी बोलली. म्हणली, तू दर महिन्याले सुटीच्या दिवशी पारशिवनीले जातो, गंज चढू नये म्हणून मशीनले तेल देतो, अन् अर्धा तास ती रिकामी चालवतो. शेजारचे विचारतात, माल कधी काढून राहिला? तू म्हणतो, पाहू. हे ऐकून मी तिथंच रडली. नंदिनीनं मले रडू दिलं, चूप नाही केलं. ते बरं केलं तिनं.

संध्याकाळी मेघा बाहेर आली. ११.३. तिचा चेहरा पाहूनच मले समजलं होतं. मग तेल काढून उरलेल्या मालावर दुसरा हात मनोहररावांनी स्वतः दिला. कित्येक वर्षांनी त्यायनं ॲप्रन घातला. शुक्रवारी त्यायचं आलं, ११.५. दोन्ही बाराच्या आत.

तुझा माल चांगला होता, अश्विन. पहिल्या दिवसापासून चांगला होता.

मनोहररावांनी मले केबिनमधे बोलावलं, दार लावून घेतलं. भला माणूस आहे. म्हणाले, "प्रेमिलाबाई, तीन आठवडे राहिले. फेरतपासणीत फरक येतोच, तेवढंच लिहू. तुमचं नाव कशाला त्यात?" तेवढ्यानं तुझं काम झालं असतं, हे मी जाणते. पण दूध संस्थेनं वाचलं असतं की आधी १४.६, मग ११.३, अन् म्हटलं असतं, प्रयोगशाळेत ओळख आहे, आकडा बदलून घेतला. तुझ्या गोणीवर तो डाग राहिला असता. म्हणून मी वेगळा कागद लिहून दिला. तेलाचा आकडा माहीत असून मी तेल न काढता केलेल्या तपासणीवर सही केली, दुसरा हात दिला नाही, चूक मालाची नाही, माझी आहे. एक प्रत दूध संस्थेले, एक वर.

दूध संस्थेचा फोन काल आला, एप्रिलपासून तुझा माल परत घेऊन पाहतो म्हणले. नंदिनीच्या नावानं पत्र येईन.

माझ्यावर चौकशी बसली. पेन्शनचे कागद तोपर्यंत थांबले, निरोप समारंभही थांबला. मेघानं शाल आणून ठेवली होती, ती कपाटात आहे. चौतीस वर्षांचे माझे सगळे नापास रिपोर्ट आता काढून पाहतीन. पाहू दे. लिहून दिल्यावर मोकळं वाटलं असं सांगितलं तर ते खोटं होईन. भीती वाटून राहिली. सकाळी ऑफिसात शिरते, जिथं सगळे उठून उभे राहायचे तिथं आता फाईलीत डोकं घालतात.

मले तुझी फार आठवण येते. दर रविवारी दोन माणसायची भाजी टाकायची सवय जात नाही. तू ये नाहीतर नको येऊ, पण मशीन आता रिकामी चालवू नको.

तुझी,
ताई


कोराडी
१७ मार्च

ताई,

जय भीम.

मले पत्र लिहिता येत नाही हे तुले माहीत आहे. नंदिनी समोर बसून राहिली, म्हणते पुरं झाल्याशिवाय उठायचं नाही.

तुझी चारही पत्रं आली त्याच दिवशी वाचली. गादीखाली कोणी ठेवली नव्हती. काट्यावर घेऊन जात होतो. त्या मंगळवारी टपरीमागे तू उभी होती तेही मी पाहिलं. तुझी ती हिरवी छत्री उन्हात उघडी होती अन् तुले वाटलं कोणाले दिसून नाही राहिलं.

तू विचारलं, अर्ज काहून नाही दिला. तेवढं सांगतो.

खिडकीवरून गेलो त्याच आठवड्यात मी त्याच दिवशीच्या मालाची एक गोणी दुसऱ्या एका लॅबमधे दिली. नागपुरात नाही, बाहेर. २०२३ च्या ऑक्टोबरची सहा तारीख होती, कागद आला. फायबर ११.४, तेल ७.६. खाली लिहिलं होतं, तेल काढून तपासलं. तू तुझ्या रिपोर्टात तेल लिहिलं होतं ७.४. मी काही शिकलेला नाही तुझ्यासारखा, पण दोन कागद बाजूबाजूले ठेवले अन् समजलं की तू कुठं चुकली. दिसूनही सही केली का न पाहता केली, ते तेवढं समजलं नव्हतं.

कागद घेऊन निघालो होतो. तुझ्या साहेबाच्या टेबलावर आपटणार होतो. बसस्टॉपपर्यंत गेलो. मग मनात आलं, ताईची दीड वर्षाची नोकरी राहिली. आई गेल्यापासून तिनं लग्न नाही केलं, काही नाही केलं, मले मोठं केलं अन् नोकरी केली. आपला एकही रिपोर्ट कधी खोटा निघाला नाही, हे तू दर रविवारी जेवताना सांगायची. मी कंटाळायचो, पण बाहेर मीही लोकायले तेच सांगायचो. अर्ज दिला असता तर माझी चक्की राहिली असती अन् तुझं ते गेलं असतं. बस आली, मी चढलो नाही. घरी येऊन कागद कपाटात टाकला, नंदिनीलेही सांगितलं नाही.

मी फार मोठ्या मनाचा आहो असं समजू नको. राग होता. अजून आहे. चक्की बंद केली त्या दिवशी चार माणसायले घरी पाठवताना तुझ्या नावानं काय काय बोललो ते लिहीत नाही. पण तुझा फोन घेतला असता तर दोन मिनिटात ते तोंडातून निघालं असतं, मग तू एक दिवसही त्या खुर्चीवर बसली नसती. म्हणून नंबर बंद केला. म्हटलं, रिटायर होऊ दे, शाल-नारळ घेऊ दे, मग पाहू.

नंदिनीले काल कागद दाखवला. ती तुझ्याकडे दोन दिवस बाकावर बसून आली अन् उत्तर घरातल्या कपाटात होतं, म्हणून माझ्याशी बोलून नाही राहिली. फक्त लिही म्हणते.

अन् तू तीन आठवडे राहिले असताना सगळं आपल्या हातानं लिहून दिलं. ज्यासाठी मी सतरा महिने राखेचे ट्रक मोजले ते तू एका कागदात घालवलं. ते पत्र मी काट्यावर वाचलं. रडलो. ट्रकवाले थांबून पाहत होते, मी त्यायले म्हटलं डोळ्यात राख गेली.

रविवारी पारशिवनीले ये. बळीरामले ढेप सांगितली आहे. मेघाले संग आण, नमुना ती घेईन, तू हात लावायचा नाही. तू खुर्ची टाकून बस अन् मले ओरड. किती वर्षांचा मूर्ख आहे तू, असं म्हणायचं असन तर म्हण. सतरा महिने मले कोणी 'अश्व्या' म्हणून नीट ओरडलं नाही.

तुझा,
अश्विन